सीपीयूच्या पुढच्या यूएसबीने छळ मांडलाय (मागचे पोर्ट मात्र गुणी)

खिडकीतला
नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप २०१९ साली असेंबल करून घेतला. इतकी वर्षं कुरकुर नव्हती. गेल्या दोन महिन्यांत मात्र पुढच्या दोन यूएसबी पोर्टांनी (निळी जीभ असलेले, ३.० वाले) वात आणलाय. लक्षणं सांगतो.

१. एकच पेनड्राइव्ह. एकदा लावला की १०० एमबीच्या वर स्पीड, काढून पुन्हा लावला की ३० ते ३५ वर रांगतो.
२. यूएसबीवर चालणारी छोटी हार्ड डिस्क लावली की पाच-दहा मिनिटांत "टुंग" असा आवाज येतो आणि ड्राइव्ह गायब. थोड्या वेळाने पुन्हा "टुंग", ड्राइव्ह हजर.
३. हार्ड डिस्क लावलेली असली की शेजारच्या पोर्टातला वायरलेस माऊस अडखळत चालतो. बाण एका जागी थबकतो आणि मग उडी मारतो.

वडिलांचे जुने फोटो आणि लग्नाच्या कॅसेटवरून काढलेले व्हिडिओ, मिळून १८० जीबी त्या डिस्कवर चढवायचे आहेत. तीन रात्री झाल्या, एकदाही काम तडीस गेलं नाही. ड्रायव्हर अपडेट केले, विंडोज अपडेट केलं, पोर्टात फुंकर मारून झाली. मागच्या पोर्टांना काहीही त्रास नाही, पण टेबल भिंतीला चिकटून आहे, दर वेळी सीपीयू ओढावा लागतो. (ओढताना आत काहीतरी बारीक खुळखुळतं, पण ते जाऊ दे.)

मदरबोर्ड गेला का? दुकानदार म्हणतो, "बोर्ड बदलावा लागेल, ठेवून जा."

सुपारी
मागे लावा. विषय संपला.

खिडकीतला
@सुपारी, विषय संपला असता तर धागा कशाला काढला असता भाऊ?

पळीपंचपात्र
यूएसबी लावायचे तीन टप्पे: आधी लावा, जात नाही. उलटा करा, जात नाही. पुन्हा उलटा करा, जातो. तुमचा चौथा टप्पा दिसतोय: जातो, पण राहत नाही.

वायरमन
बोर्ड बदलायची घाई करू नका. दुकानदाराला "ठेवून जा" हे एकच वाक्य येतं.

मागचे पोर्ट थेट मदरबोर्डला डाकलेले असतात. पुढच्यांचं तसं नाही. कॅबिनेटच्या तोंडाशी बोटभर रुंदीची एक वेगळी पट्टी असते, पोर्ट तिच्यावर बसवलेले. तिथून हात-दीड हात केबल निघते आणि बोर्डावरच्या हेडरवर (उभ्या पिनांच्या जोडावर) जाऊन बसते. ३.० चा हेडर १९ पिनांचा, दोन ओळींत, एक पिन मुद्दाम गाळलेली. म्हणजे तुमच्या डिस्कपासून बोर्डापर्यंत पोर्ट, पट्टी, केबल, हेडर एवढे सांधे. मागचे पोर्ट नीट चालतात म्हणजे बोर्ड बहुतेक ठणठणीत आहे. लोचा या चारांपैकी कुठेतरी आहे.

दुसरं म्हणजे तुमच्या तीन तक्रारी एकाच रोगाच्या आहेत असं धरून चालू नका. स्पीड कमी-जास्त होणं आणि डिस्क गायब होणं, यांचं मूळ एक असू शकतं. माऊसचं प्रकरण मला वेगळं वाटतंय.

आता एवढंच करा. डिस्क, तिची केबल आणि फाइल तीच ठेवून मागे लावा आणि अर्धा तास कॉपी चालू द्या. चालली तर डिस्क आणि तिची केबल दोन्ही निर्दोष. मग पुढे या. डावा पोर्ट, उजवा पोर्ट वेगवेगळे तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या की बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही.

हिंजवडी_फेज_४
एवढा खटाटोप नको. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद करा. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करायची जी परवानगी दिलेली असते, तिची खूण काढा. माझ्याकडे डिस्क अशीच गायब व्हायची, दोन मिनिटांत सुटलं.

वायरमन
@हिंजवडी, करून बघायला हरकत नाही, फुकट आहे. पण ती सेटिंग काहीच चालू नसताना डुलकी घेण्याबद्दल आहे. यांची डिस्क ऐन कॉपी चालू असताना पडते. आणि सस्पेंडचा दोष असता तर मागच्या पोर्टांनाही लागला असता. विंडोजला पुढचं-मागचं कळत नाही.

हिंजवडी_फेज_४
मान्य. तरी करा म्हणतो मी.

टक्कल_आणि_टर्मिनल
लिनक्स असतं तर हा धागा चार ओळींत आटोपला असता. टर्मिनल उघडून "सुडो डीमेसेज -डब्ल्यू" चालवायचं आणि पेनड्राइव्ह लावायचा. "सुपरस्पीड" लिहून आलं तर ३.० वर जोडला, "हाय-स्पीड" आलं तर २.० वर. एरर -७१ किंवा -११० दिसायला लागले की समजायचं, सिग्नल रस्त्यातच सांडतोय, बहुधा केबल किंवा जोड.

पळीपंचपात्र
लिनक्सवाला आला. धाग्याला पूर्णत्व आलं.

टक्कल_आणि_टर्मिनल
हसा. विंडोजवाल्यांसाठी "यूएसबी ट्री व्ह्यू" नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तोही कुठलं यंत्र कोणत्या वेगाने जोडलंय ते सांगतो. धागाकर्त्याने ३० ते ३५ एमबी लिहिलंय ना? २.० ची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस एमबीच्या पुढे गाडी जात नाही. म्हणजे त्याचा पोर्ट ३.० वरून घसरून २.० वर येतोय, हे आकडाच सांगतोय.

जुनं_खोड
तुम्हा पोरांना तयार जोड मिळतात. २००३-०४ मध्ये कॅबिनेटमधून पुढच्या यूएसबीच्या सुट्ट्या आठ वायरी यायच्या, प्रत्येकीच्या टोकाला एक-एक चिमुकली टोपी. लाल पाच व्होल्ट, पांढरी डी मायनस, हिरवी डी प्लस, काळी ग्राउंड. मॅन्युअल उघडायचं, बॅटरी तोंडात धरायची आणि एक-एक टोपी पिनेवर चढवायची. मी एकदा लाल-काळी उलटी लावली. मित्राचा १२८ एमबीचा पेनड्राइव्ह होता, तेव्हा ती चीज मिरवायची असे, लोक गळ्यात अडकवून हिंडत. लावला, वास आला, संपला. मित्राने अजून माफ केलेलं नाही.

त्यात काही बोर्डांवर फायरवायरचा (यूएसबीसारख्याच दुसऱ्या एका जोडणीचा) हेडरही असायचा, दिसायला हुबेहूब यूएसबीसारखा, पण त्यात १२ व्होल्ट. ज्याने तिथे यूएसबी लावली त्याची कथा तो सांगत नाही.

बोरिवली_स्लो
काका, "ज्याने" म्हणजे कोणी?

जुनं_खोड
पुढचा प्रश्न विचारा.

खिडकीतला
@वायरमन, चाचणी केली. मागे दीड तास सलग कॉपी चालली, ६० जीबी गेले, एकदाही टुंग नाही. पुढे उजव्या पोर्टात बारा मिनिटं टिकली, डाव्यात दोन. सस्पेंड बंद केलं, फरक शून्य. @टक्कल, तुमचा प्रोग्राम उतरवला. तोच पेनड्राइव्ह पाच वेळा लावला, तीनदा २.० वर जोडला, दोनदा ३.० वर. आणि हो, हळूच सरकवला की हमखास २.०. सटकन खुपसला तर ३.०. हा काय प्रकार?

वायरमन
हा प्रकार खरा आहे, तुमचा भास नाही. ३.० च्या प्लगमध्ये जुन्या चार पट्ट्या आहेतच, शिवाय नव्या पाच आणखी आत. सावकाश सरकवला की जुन्या चार आधी टेकतात, कॉम्प्युटरला वाटतं २.० आला, आणि तो तसाच जोडून मोकळा होतो. पण तुमचे पाचातले तीन घसरतात हे जरा जास्तच आहे. प्लग पूर्ण आत पोचतोय ना, ते बघा.

रेवदंडेकर
माऊसचं मी सांगतो, मी त्यातून गेलोय. तो बिघाड नाहीच. ३.० ची वाहतूक चालू असली की पोर्ट आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, आणि वायरलेस माऊस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर चांगला तपशीलवार कागद काढला होता. माऊसचा डोंगल (यूएसबीत खोचायचा तो चिमुकला तुकडा) डिस्कच्या मांडीला मांडी लावून बसवलात तर तो बिचारा काय ऐकणार? लग्नात बँडच्या शेजारी बसून फोन घेतल्यासारखं आहे. डोंगल मागच्या काळ्या २.० पोर्टात लावा, किंवा वीतभर एक्स्टेन्शन केबल लावून टेबलावर आणा.

खिडकीतला
रेवदंडेकर, पाय कुठे आहेत तुमचे? एक्स्टेन्शन लावली, माऊस लोण्यासारखा चालतोय. यासाठी मी दोन माऊस बदलले होते.

सेतूवाली_ताई
मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवते. आमच्याकडे पुढच्या पोर्टांचे जे हाल होतात ते घरात कोणाच्याच होत नसतील. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, वेबकॅम, आणि लोकांचे पेनड्राइव्ह, दिवसभर काढ-घाल. टाइप-ए पोर्ट किमान १५०० वेळा काढ-घाल सोसेल असं धरून बनवलेला असतो म्हणतात. घरात त्याला वर्षं लागतील, माझ्याकडे सहा महिन्यांत तेवढी होते. रांग लागलेली असते, आजीबाईचा अंगठा तिसऱ्यांदाही उठत नाही, आणि तेवढ्यात मशीनच गायब. लोकांना वाटतं आपल्या अंगठ्यात खोट आहे. त्या आपल्या पदराला अंगठा पुसत राहतात.

मी आता पुढच्या पोर्टाला हात लावत नाही. मागून स्वतःचा अडॅप्टर असलेला हब टेबलावर आणून ठेवलाय. हब खराब झाला तर हब बदलायचा, कॅबिनेट उघडायला नको.

सुपारी
म्हणजे मागे लावा. मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो.

मुंग्या_येतात
अर्थिंग बघितलं का कोणी? आमच्या जुन्या वाड्यात तीन पिनांचं सॉकेट आहे, पण तिसऱ्या भोकात वायरच नाही, नुसती शोभा. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावला की मुंग्या यायच्या. मल्टिमीटरने मोजलं तर पत्रा आणि जमीन यांत ११० व्होल्टच्या आसपास.

वायरमन
बरोबर. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, ते लाइन आणि न्यूट्रलमधला गोंगाट अर्थमध्ये सोडतात. अर्थच नसेल तर पत्रा मधल्यामध्ये लटकतो, २३० च्या अर्ध्यावर. करंट अगदी कमी असतो, त्यामुळे नुसत्या मुंग्या येतात. पण प्रिंटरसारखं वेगळ्या सॉकेटवरचं यंत्र जोडताना ठिणगी पडते, त्यात पोर्ट जाऊ शकतो. हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, "चालतंय की" म्हणून सोडू नका.

मुंग्या_येतात
घरमालक म्हणतो ४० वर्षं असंच आहे.

शिकागोची_थंडी
आमच्याकडे उलटी तऱ्हा. हिवाळ्यात हवा कोरडी, घरभर गालिचा. पाय घासत येऊन पेनड्राइव्ह लावला की चट् करून ठिणगी आणि पुढचे दोन्ही पोर्ट मेलेले. पहिल्यांदा रडले. मग कळलं की वायर भिंतीतून काढायची, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, थोडं थांबून चालू करायचं, की पोर्ट जिवंत. आता आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावते, मगच पेनड्राइव्ह.

वायरमन
@शिकागो, ते चिप गोंधळल्याने होतं. शॉर्ट झाला असेल तर आणखी एक शक्यता असते: बऱ्याच बोर्डांवर पोर्टासाठी आपोआप सावरणारा फ्यूज असतो. करंट वाढला की तापून रस्ता बंद करतो, थंड झाला की उघडतो. दोन्हींत वीज पूर्ण काढून थांबणं हाच उपाय.

रत्नांग्री
आमच्याकडे गालिचा नाही, पाऊस आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पोर्टाच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट चढतं. मी टूथब्रशला वॉटरपेपरचा तुकडा चिकटवून घासतो.

टक्कल_आणि_टर्मिनल
अहो नका हो! त्या पट्ट्यांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. एकदा घासलात की पुढच्या पावसात दुप्पट चढणार. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, पूर्ण बंद करून मऊ ब्रशने लावा, वाळू द्या.

रत्नांग्री
सात वर्षं घासतोय. चालतो.

टक्कल_आणि_टर्मिनल
किती पोर्ट बदलले सात वर्षांत?

रत्नांग्री
दोन कॅबिनेट.

शुद्धलेखन_समिती
अवांतराबद्दल क्षमस्व. शीर्षकात "सीपीयू" लिहिलं आहे. सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर. त्या डब्याला कॅबिनेट म्हणावे.

बोरिवली_स्लो
माझी आई त्याला "खालचा कॉम्प्युटर" म्हणते आणि मॉनिटरला "वरचा". मला हे वर्गीकरण जास्त पटतं.

पावशेर
थांबा जरा, मी आत्ता सगळा धागा वाचला. अर्थिंग झालं, शिकागो झालं, सोन्याचा मुलामा झाला. मूळ पोस्टमधलं ते कंसातलं वाक्य कोणी वाचलं का? "ओढताना आत काहीतरी बारीक खुळखुळतं, पण ते जाऊ दे." अहो, ते कसं जाऊ दे? कॅबिनेटमध्ये खुळखुळायला स्क्रूशिवाय असतं काय? आणि स्क्रू खाली पडलाय म्हणजे तो कुठून तरी सुटलाय!

एक साधी गोष्ट करा. पेनड्राइव्ह मागच्या पोर्टात पूर्ण खुपसा आणि पत्र्याबाहेर किती धातू उरतो तो नखाने मापा. मग पुढे लावून मापा.

वायरमन
पावशेर, दंडवत. मी तीन वेळा वाचलं आणि कंस ओलांडून गेलो.

खिडकीतला
मापलं. मागे लावला तर धातू जवळजवळ दिसतच नाही. पुढे उजव्या पोर्टात किंचित दिसतो. डाव्यात चांगला दोन-अडीच मिलिमीटर बाहेर. मोबाइलची बॅटरी पाडून बघितलं, डावा पोर्ट प्लास्टिकच्या खिडकीपासून आत गेलाय, दात पडलेल्या तोंडासारखा. उद्या रविवार, उघडतो.

जुनं_खोड
आधी भिंतीतला प्लग काढा. नुसतं बटण बंद करून हात घालू नका. आणि खुळखुळणारी वस्तू सापडेपर्यंत पुन्हा चालू करू नका. तो स्क्रू उद्या ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर जाऊन बसला तर दुकानदाराचं म्हणणं खरं ठरेल.

खिडकीतला
उघडला. सविस्तर लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल.

बाजूचा पत्रा काढला. पुढचं प्लास्टिकचं तोंड सहा खुंट्यांवर होतं, आतून एक-एक दाबत सोडवलं (एक खुंटी मोडली, ती माझी दक्षिणा). मागे यूएसबीची हिरवी पट्टी. तिला दोन स्क्रूंची भोकं, उजवीकडच्यात स्क्रू आहे, डावीकडचं भोक रिकामं! पेनड्राइव्ह लावून बघितला तर सगळी पट्टी उजव्या स्क्रूवर दाराच्या बिजागरीसारखी फिरून मागे जाते. म्हणजे मी आत ढकलत होतो आणि पोर्ट माझ्यासकट मागे सरत होता. प्लग अर्धवट टेकणार, मधूनच २.० होणार, आणि डिस्कची केबल जरा लोंबली की टुंग.

शिवाय ती जाड निळी केबल. अंगठ्याएवढी ताठ, आणि असेंबल करणाऱ्याने ती हेडरपाशीच काटकोनात मुडपून पत्र्याखाली दाबलेली. दर वेळी पट्टी हलली की हेडरला हिसका. जोड एका बाजूने निम्मा वर आलेला होता. सरळ वर ओढून काढला आणि खाली वाकून पिना बघितल्या. कोपऱ्यातली एक जरा कलंडलेली. मेकॅनिकल पेन्सिलमधलं शिसं काढलं, तिचं पोकळ टोक पिनेवर चढवलं आणि केसभर सरळ केली. श्वास धरून. मोडली असती तर खरंच बोर्ड बदलावा लागला असता.

स्क्रू एसएमपीएसच्या खालच्या खणात सापडला. लावला. केबल ऐसपैस वळसा देऊन बसवली.

निकाल: पेनड्राइव्ह वीस वेळा लावला, वीसही वेळा ३.०. मग मुद्दाम हळू सरकवून तेवढ्याच वेळा लावला, तरीसुद्धा सतरा-अठरा वेळा ३.०. उरलेले १२० जीबी काल रात्री एका दमात गेले.

वायरमन
झकास. पेन्सिलीची युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवा, पक्कड घेऊन कोणी १९ पिनांच्या जंगलात शिरू नका. आणि जोड काढताना सरळ वर ओढायचा, डोलवत ओढला की काळं प्लास्टिकच पिनांवरून उपटून येतं. माझ्या हातून एकदा आलंय.

हिंजवडी_फेज_४
सस्पेंड बंद केल्याचाही थोडा फायदा झालाच असेल.

पळीपंचपात्र
हो हो, आणि फुंकर मारल्याचाही.

सेतूवाली_ताई
तुमचं वाचून माझ्याही कॅबिनेटचा पोर्ट बॅटरी पाडून बघितला. आत गेलाय! आणि आम्ही मशीनला नावं ठेवत होतो.

पावशेर
खिडकीतले, एक विचारायचं राहिलं. खुळखुळ थांबली का?

खिडकीतला
थांबली. पण स्क्रूसोबत आणखी एक वस्तू निघाली. बायकोच्या कानातल्याची सोन्याची फिरकी, दोन वर्षांपूर्वी हरवलेली. झोपताना कानातली काढून "खालच्या कॉम्प्युटरवर" ठेवायची सवय, वरच्या जाळीतून आत गेली असणार. त्या पायी तेव्हा कामवाल्या मावशींनाही दोनदा विचारून झालं होतं.

आता ती म्हणतेय, लॅपटॉप पण उघडून बघा, नथीचा एक मोती सापडत नाहीये.